शाळकरी मुले, दहा पिक्सेल आणि मंगळावरचा खड्डा

शाळकरी मुलांचे ग्रहसंशोधन हा निव्वळ देखावा असतो; काम सॉफ्टवेअर करते, निष्कर्ष शास्त्रज्ञ काढतात आणि मुलांच्या हाती फक्त प्रमाणपत्र पडते, अशा आशयाचा मजकूर विद्यार्थ्यांनी लघुग्रह शोधल्याची बातमी आली की हमखास फिरू लागतो. त्यातला उपरोध अगदीच अनाठायी नाही. पण ही तिन्ही विधाने तपासून पाहिली पाहिजेत.

आधी सॉफ्टवेअरचे पाहू. आयएएससी या आंतरराष्ट्रीय लघुग्रह शोधमोहिमेत हवाई बेटांवरील पॅन-स्टार्स दुर्बिणीने आकाशाच्या एकाच भागाच्या काही मिनिटांच्या अंतराने टिपलेल्या चार प्रतिमा शाळांना पुरवल्या जातात. ॲस्ट्रोमेट्रिका हा प्रोग्राम त्या आलटून पालटून दाखवतो, ठिपक्याचे स्थान व तेजस्विता मोजतो, संशयित ठिपके सुचवतोही. मात्र हा सरकणारा ठिपका खरोखर लघुग्रह आहे की संवेदकातला दोष, याचा निवाडा त्याची सरळ वाटचाल आणि चारही प्रतिमांतील सारखेपणा पाहून मुलांनाच करावा लागतो.

प्रमाणपत्रांबाबत टीकाकारांशी मी निम्मा सहमत आहे. 2020 मध्ये सुरतच्या दोन विद्यार्थिनींनी नोंदवलेल्या लघुग्रहाचे ‘एचएलव्ही2514’ हे केवळ नोंदीपुरते लेबल बातम्यांत अधिकृत नावासारखे मिरवले गेले. प्रत्यक्षात प्राथमिक नोंदीनंतर पुन्हा निरीक्षण व्हावे लागते, मग लघुग्रहांच्या नोंदी ठेवणारी मायनर प्लॅनेट सेंटर ही आंतरराष्ट्रीय संस्था तात्पुरते नामाभिधान देते, आणि कक्षा पक्की होऊन कायमचा क्रमांक मिळेपर्यंत बहुधा काही वर्षे जातात. दोष या अतिरंजित बातम्यांचा आहे, कामाचा नव्हे. कारण व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांनाही हाच जिना चढावा लागतो.

निष्कर्ष शास्त्रज्ञच काढतात, या तिसऱ्या विधानाला कॅलिफोर्नियातील कॉटनवूड गावच्या सातवीच्या वर्गाने 2010 मध्येच उत्तर दिले आहे. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या उपक्रमात या 16 मुलांनी प्रश्न स्वतः ठरवला होता: मंगळावरच्या लाव्हानलिका, म्हणजे लाव्हा वाहून गेल्यावर जमिनीखाली उरलेली भुयारे, ज्वालामुखीच्या माथ्यावर, उतारावर की भोवतालच्या मैदानात अधिक आढळतात? त्यासाठी त्यांनी मार्स ओडिसी यानावरील थेमिस कॅमेऱ्याकडून पाव्होनिस मॉन्स या मंगळावरच्या ज्वालामुखीची एक मुख्य आणि एक राखीव प्रतिमा मागवली. राखीव प्रतिमेत त्यांना एक काळा गोल ठिपका दिसला: जमिनीखालच्या पोकळीत उघडणारा खड्डा. थेमिसच्या दृश्य प्रतिमेतला एक पिक्सेल सुमारे 18 मीटरचा असतो आणि हा खड्डा अंदाजे 190 बाय 160 मीटरचा निघाला, म्हणजे प्रतिमेत जेमतेम दहा पिक्सेल रुंद. असे खड्डे 2007 मध्ये मंगळावरच्याच आर्सिया मॉन्स या ज्वालामुखीवर शोधणारे अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचे ग्लेन कुशिंग यांनाही हा नवीन होता. त्याची खोली किमान 115 मीटर असावी, हा अंदाज कुशिंग यांचा. मोजमापात तज्ज्ञाची मदत झाली, हे खरेच. पण तेवढ्याने शोध परका होत असेल, तर पीएचडीचा एकही प्रबंध विद्यार्थ्याचा म्हणता येणार नाही.

यानांना नावे सुचवण्याच्या स्पर्धा वेगळ्या; त्यांना संशोधन म्हणू नये, हे मान्य. कॉटनवूडची मुले मात्र खड्डा सापडल्यावर थांबली नाहीत. प्रति पिक्सेल सुमारे 30 सेंटिमीटर इतका तपशील टिपणाऱ्या, मंगळाभोवती फिरणाऱ्या दुसऱ्या एका यानावरील हायराइज कॅमेऱ्याने ही जागा पुन्हा पाहावी, असा प्रस्ताव त्यांनी दिला.