तलफेची पाणीपातळी

सांगलीच्या मार्केट यार्डात हळद आणि बेदाण्याच्या एका अडत पेढीवर मी गेली २८ वर्षे हिशेबनीस आहे, आणि त्यांपैकी २७ वर्षे मी दिवसाला १५ सिगारेटी या दराने धूर काढला आहे. हिशेबनिसाला स्वतःच्या पापांचाही ताळेबंद मांडण्याची खोड असते. एका रविवारी मी तो मांडला, तेव्हा १,४७,८२५ हा आकडा हाती आला. तेथेच थांबलो असतो तर बरे झाले असते. परंतु एक सिगारेट सात सेंटिमीटरांची धरून या सगळ्या टोकाला टोक लावून मांडल्या तर कोठवर जातील, हे काढण्याचा मोह मला आवरला नाही. उत्तर दहा किलोमीटरांहून थोडे अधिक आले. सांगलीकराला हे अंतर समजावून सांगावे लागत नाही. ते मिरज आहे. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय काढले, तेव्हापासून आमच्या मुलखात ‘मिरजेला नेलंय’ एवढे म्हटले की ऐकणारा कशासाठी ते विचारत नाही, फक्त ‘कधी?’ एवढेच विचारतो. मी २७ वर्षे कांडीला कांडी जोडत मिरजेचा रस्ता बांधत आणला होता आणि आता तो नेमका दवाखान्याच्या फाटकाशी पोचला होता. या भागात विनाखंड पूर्ण झालेला तो एकमेव रस्ता असावा.

कोणी नेण्यापेक्षा आपल्या पायांनी गेलेले बरे, असा विचार करून मी मिरजेतल्या छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. सौभाग्यवती बरोबर होत्या. त्यांना साक्षीदार म्हणून नेण्याची चूक मी केली होती.

“सकाळी उठल्यावर किती वेळाने पहिली ओढता?” डॉक्टरांनी विचारले.

“चहाबरोबर,” मी मोघम उत्तर दिले.

“आणि चहा किती वेळाने?”

“आधी ओढतात, मग उठतात, मग चहा मागतात,” साक्षीदाराने जबानी दिली.

निकोटिनची सवय मोजण्याची एक प्रश्नावली असते आणि उठल्यापासून पाच मिनिटांच्या आत पहिली सिगारेट लागत असेल तर त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण मिळतात, असे डॉक्टरांनी सांगितले. शाळा सुटल्यानंतर पैकीच्या पैकी गुण मिळण्याचा माझा हा पहिलाच प्रसंग होता. पण अभिनंदन करण्याऐवजी त्यांनी व्हॅरेनिक्लिन नावाच्या गोळ्या लिहून दिल्या. पहिले तीन दिवस अर्ध्या मिलिग्रॅमची एक गोळी, पुढचे चार दिवस तीच सकाळ-संध्याकाळ, आणि आठव्या दिवसापासून एक मिलिग्रॅमची दोन वेळा, असे एकूण बारा आठवडे. पहिला आठवडा सिगारेट ओढण्यास मुभा. आठव्या दिवशी बंद. सिगारेट सोडण्याच्या औषधाबरोबर आठवडाभर ती ओढण्याची डॉक्टरी परवानगीही मिळते, हे मला कोणी वेळेवर सांगितले असते तर मी दहा वर्षे आधीच आलो असतो. मदतीचा १८००-११-२३५६ हा क्रमांक तर २०१८ पासून सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असे आणि तो माझ्या मुठीतच असे. पण एका हातात पाकीट आणि दुसऱ्या हातात काडी असल्यावर फोन कोणत्या हाताने करायचा?

आठवा दिवस आषाढी एकादशीला येईल अशा बेताने मी गोळ्या सुरू केल्या. एका उपासात दोन पुण्ये पदरात पडावीत, हा त्यामागचा व्यापारी हिशेब. गोळी पोटभर खाल्ल्यानंतर पेलाभर पाण्याबरोबरच घ्यायची, असे डॉक्टरांनी दोनदा बजावले होते; परंतु त्यांच्या बोलण्यात एकादशीचा उल्लेख नव्हता. मी दोन चमचे वरीच्या तांदळांवर एक मिलिग्रॅमची पहिली गोळी घेतली. मळमळ हा या औषधाचा नेहमीचा उपद्रव आहे आणि रिकाम्या पोटाचा त्याला विशेष लोभ आहे, हे मला अर्ध्या तासात कळले. दूरचित्रवाणीवर पंढरपूरची महापूजा दाखवत होते आणि मी मोरीत कमरेतून वाकून उभा होतो. आमच्या मातोश्रींना अलीकडे नीट दिसत नाही. “एवढ्या भक्तीनं वाकलेला ह्याला पहिल्यांदाच बघतीय बाई,” असे त्या शेजारणीला सांगत होत्या.

गोळ्यांबरोबर डॉक्टरांनी आणखी एक औषध सुचवले होते. त्यांच्याकडे तंबाखू सोडायला आलेले काही रुग्ण सकाळी सहा वाजता आमराईत फिरायला जमत, त्यांच्यात जाऊन मिसळावे असे त्यांचे म्हणणे होते. सहा वाजता उठून काही न ओढता फिरायला जाणे म्हणजे उठून काय करायचे, हा प्रश्न मला पडला, तरी गेलो. तेथे तीन जण होते. तात्या एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. आणि आक्का, ज्या आयुष्यात एकदाही सिगारेट न ओढता तेथे आल्या होत्या, कारण त्यांचे व्यसन मिश्रीचे होते. चाळीस वर्षे तव्यावर तंबाखू भाजून त्यांनी ती दातांना लावली होती. डॉक्टरांनी त्यांना निकोटिनचे च्युइंगम दिले होते. ते सारखे चघळायचे नसते. दोन-चारदा चावायचे, तोंडात चुरचुर झाली की गालात दाबून ठेवायचे, मग पुन्हा चावायचे. शिकल्यासवरल्या माणसांना हे तंत्र जमायला आठवडा लागतो. आक्कांना ते शिकवायला गेलेल्या नर्सबाईंनाच त्यांनी दोन गोष्टी शिकवून परत पाठवले होते.

गोळी नेमके काय करते, हे डॉक्टरांनी मला मेंदूचे चित्र काढून सांगितले होते आणि मला ते अजिबात समजले नव्हते. तात्यांनी ते चालता चालता सांगितले. “स्वारगेटला गाडी लागली की खिडकीतनं रुमाल टाकतात का नाही? मेंदूत निकोटिनची सीट असती. गोळी जाऊन तिथं रुमाल टाकती. निकोटिन धावतपळत चढतंय, तर सीटवर रुमाल. बसता येत नाही, भांडता येत नाही.” मी म्हणालो, रिकाम्या रुमालाने सीटला समाधान कसे मिळेल? तात्या थांबले. “रुमाल जरा जाड असतो,” ते म्हणाले. “अर्धं माणूस बसल्यागत वाटतंय.” डॉक्टरांच्या चित्रातही अगदी हेच होते, असे नंतर माझ्या लक्षात आले: गोळी निकोटिनची जागा अडवते आणि त्याच वेळी त्या जागेला थोडेसे चेतवतेही, म्हणून तलफ कमी होते आणि ओढलेल्या सिगारेटची मजाही जाते.

कमी होते, म्हणजे जाते असे नव्हे. येथे अण्णांचे शास्त्र उपयोगी पडले. नोकरीत असताना कृष्णेची पाणीपातळी लिहून घेणे हे त्यांचे पावसाळ्यातले काम होते, आणि आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट ही धोका पातळी, हे आमच्या गावात लहान मुलालाही पाठ असते. अण्णांनी तलफही याच मापाने मोजायची असा नियम घालून दिला होता. रोज सकाळी ते खिशातली वही काढत आणि प्रत्येकाला विचारत, “काल कमाल किती?” सांगणाऱ्याने फुटांत सांगायचे. दिवसा पाणी चढले तर फोनवर कळवायचे. सोडल्याच्या तिसऱ्या दिवशी मी पेढीवरून कळवले: “४३ फूट, वाढ सुरूच.” तात्काळ उत्तर आले: “विसर्ग कोठून?” मी लिहिले: “शेठजींच्या केबिनमधून. कालच्या हळदीच्या सौद्याच्या पट्ट्या जुळत नाहीत.” त्यावर अण्णांचा आदेश आला: “पाच मिनिटे पाणी प्या, हिंडा, पुन्हा मोजा.” मी दोन पेले पाणी पिऊन गोदामातल्या पोत्यांभोवती फेऱ्या घातल्या, आणि पुन्हा पाहतो तो ३८. सिगारेटची ओढ सतत सारखी नसते, ती लाटेसारखी चढते आणि काही मिनिटांत आपोआप उतरते, हे डॉक्टरांनीही सांगितले होते; परंतु सांगलीच्या माणसाला कोणतीही गोष्ट फुटांत सांगितल्याशिवाय पटत नाही. पाणी चढले की दोष कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाला द्यायचा, ही आमची दुसरी रीत. आमच्या गटात प्रत्येकाची एकेक अलमट्टी होती. तात्यांची त्यांच्या सुनेच्या रूपाने घरातच होती. माझी कोण, हे लिहिण्यात शहाणपण नाही. हा लेख त्या वाचणार आहेत.

दुसऱ्या आठवड्यात झोप उडाली. रात्री दोन वाजता टक्क जागा आणि छातीत धडधड. मी गोळीला दोष दिला, आणि झोप मोडणे हा तिचा स्वभाव आहेच. पण डॉक्टरांनी आधी चहाची चौकशी केली. मी दिवसाला सात कप चहा घेतो, तो २७ वर्षे घेतच होतो, त्यात नवे काय? नवे हे की सिगारेटच्या धुरामुळे यकृत कॅफिनचा निचरा झपाट्याने करत असते. धूर थांबला की तो वेग उतरतो आणि तोच चहा अंगात जवळजवळ दुप्पट साठतो. म्हणजे मी सात कप पीत होतो आणि शरीर चौदा कपांचे बिल लावत होते. चहा निम्म्यावर आणा, असे फर्मान निघाले. सिगारेट सोडायला गेलेल्या माणसाच्या हातून चहाचा कपही काढून घेतात, हे गोळ्यांच्या खोक्यावर ठळक अक्षरांत छापायला हवे.

झोप लागली तरी सुख नव्हते, कारण या गोळ्यांनी स्वप्ने पडतात आणि ती रंगीत, लांबलचक व तपशीलवार असतात. मला हरिपूरची पेवे दिसली. पूर्वी आमच्याकडे हळद जमिनीखालच्या ज्या पेवांत साठवत, त्यांतल्या एकाचे तोंड उघडले होते आणि आत हळदीऐवजी गळ्याइतक्या सिगारेटी होत्या. काठावर माझे वडील बसले होते. त्यांना जाऊन १९ वर्षे झाली आणि त्यांच्यासमोर मी कधी बडीशेपही मोठ्याने चावली नाही. त्यांनी पेवातली एक सिगारेट उचलली, ओठात धरली आणि माझ्याकडे वळून शांतपणे विचारले, “काडी आहे का?” मी घामाघूम होऊन उठलो आणि पहिले काम कोणते केले असेल तर बोटांचा वास घेतला. सकाळी हे सांगितले तेव्हा अण्णांनी विचारले, “दिलीस का काडी?” मी म्हणालो, नाही, तेवढ्यात जाग आली. त्यांनी वहीत ‘स्वप्नात ४४’ अशी नोंद केली.

विसाव्या दिवशी पूर आला. सौदे संपले होते, पाऊस पडत होता आणि एका टपरीच्या छपराखाली मी आडोशाला उभा होतो. महाराष्ट्रात सुटी सिगारेट विकायला २०२० पासून बंदी आहे, पण ही गोष्ट त्या टपरीला कोणी सांगितलेली नव्हती आणि मीही सांगितली नाही. माझा हात माझ्या संमतीवाचून पुढे झाला. पेटवली, पहिला झुरका घेतला, आणि फसवणूक झाल्याची संतप्त जाणीव झाली. भिजलेल्या सुतळीला आग लावून तिचा धूर कोणी तोंडात सोडावा, तशी चव. तात्यांचा रुमाल जागेवर होता. तरी मी दुसरा झुरका घेतला, कारण पैसे दिलेले होते. आणि तिसरा घेतला, तो दुसरा वाया जाऊ नये म्हणून. मग टाकून दिली.

दुसऱ्या दिवशी आमराईत जायला पाऊल उचलेना. गेलो, कमाल पातळी विचारल्यावर ५७ असे सांगितले, आणि मान खाली घातली. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुराचा तो आकडा आमच्या गावात सहज तोंडातून निघत नाही. अण्णांचे पेन थांबले. तात्या काही बोलणार होते, पण आक्कांनी गालातले च्युइंगम दुसऱ्या गालात सरकवले आणि म्हणाल्या, “आलं पाणी, गेलं पाणी. आता घरी जाऊन गाळ काढा. भिताडावर रेघ मारत बसू नका.”

मी शब्दशः गाळ काढला. स्कूटरच्या डिकीतून, कपाटाच्या मागून, पावसाळी कोटाच्या अस्तरातून आणि देवघराच्या खणातून मिळून अकरा लायटर, चार अर्धी पाकिटे आणि खिशात राखेला जागा देणारा एक पितळी डबा निघाला. देवघरातला लायटर उदबत्तीसाठी आहे, हा माझा युक्तिवाद फेटाळण्यात आला.

त्यानंतर पाणी पुन्हा चढले, पण पंचेचाळिसाला लागले नाही. सिगारेटच्या जागी हाताला आणि तोंडाला काहीतरी हवे असते. मी भडंग धरले. दिवसाला १५ सिगारेटींच्या जागी १५ मुठी भडंग, लसूण आणि शेंगदाण्यांसह. पट्ट्याला दोन नवी भोके पाडावी लागली, तेव्हा आक्कांनी बेदाण्यावर बदली केली. ज्या पेढीवर मी २८ वर्षे बेदाण्याचे हिशेब लिहिले, तेथून मी तो पहिल्यांदाच पैसे देऊन विकत घेतला. शेठजींनी पावती फाडली.

बाराव्या आठवड्यातली शेवटची गोळी संपली, तेव्हा पावसाळा सरत आला होता. अण्णांच्या हुकमावरून त्या संध्याकाळी आम्ही सगळे आयर्विन पुलावर जमलो. नदी पात्रात गेली होती. अण्णांनी कठड्याला टेकून वही उघडली आणि विचारले, “कमाल?” मी छाती पुढे काढून सांगितले, “अकरा.” त्यांनी ते लिहिले आणि खाली रेघही ओढली.

तेवढ्यात मागून एक तरुण आला. ओठात सिगारेट होती, हाताने खिसे चाचपडत होता. “काका, काडी आहे का?”

माझा हात झटकन शर्टाच्या वरच्या खिशात गेला. तेथे बेदाण्याची पुडी होती. मी तीच त्याच्यापुढे धरली. तो पुडीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत उभा राहिला, मग संकोचाने त्याने दोन बेदाणे उचलले.

अण्णांनी चष्मा वर सरकवला, अकराचा आकडा खोडला आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरांत सतरा लिहिले.