भाचीच्या पुस्तकातले चित्रे

भाची बारावीला आहे. परवा इंग्रजीचं पुस्तक घेऊन आली. 'मामा, हा माणूस आपल्या ट्रेनमधला वाटतो रे.' उशिराच्या लोकलने घरी परतणारा बाप, ओलेचिंब कपडे, काळ्या रेनकोटवर चिखलाचे डाग, पुस्तकांनी ठासलेली पिशवी. कवितेखाली नाव : दिलीप चित्रे.

'मराठी होता? मग मराठीत का नाही लिहिलं?'

ढीगभर लिहिलंय, बाई. पण तुझी-त्याची गाठ इंग्रजीच्या तासाला पडायची होती, त्याला कोण काय करणार!

चित्र्यांचा विषय निघाला की लोक त्यांचा पासपोर्टच उघडतात. जन्म १९३८, बडोदा. १९५१ साली घर मुंबईत आलं. १९६० मध्ये पहिला कवितासंग्रह आणि त्याच वर्षी इथिओपियात मास्तरकी, तीन वर्षं. १९७५ मध्ये अमेरिकेत आयोवा. एवढं जग पाहिलं म्हणून एवढी कविता, असा हिशेब. मला तो पटत नाही. जग पाहणारे आपल्या सोसायटीतही आहेत, फोटो दाखवायला घरी बोलावतात.

त्यांची खरी शाळा मला दुसरीकडेच दिसते. वडील 'अभिरुची' मासिक काढायचे, म्हणजे छापील कागद घरातच. पोरवयात अरुण कोलटकर आणि रमेश समर्थांबरोबर 'शब्द' हे अनियतकालिक सुरू केलं. आणि त्याच सुमारास तुकोबा इंग्रजीत न्यायचा नाद लागला. त्याचं पुस्तक झालं १९९१ साली. मधली तीसेक वर्षं मोजा. १९९४ मध्ये साहित्य अकादमीने मराठी कवितेसाठी आणि या अनुवादासाठी, असे दोन्ही पुरस्कार त्यांना एकाच वर्षी दिले.

हा नाद काय शिकवतो ते मला एका ओळीने दाखवलं. ऑफिसातल्या मल्याळी मित्राला 'बुडतां हे जन न देखवे डोळां, येतो कळवळा म्हणऊनि' समजावायला गेलो. कळवळ्याला 'कंपॅशन' म्हटलं. त्याने मान डोलावली, मलाच समाधान होईना. कंपॅशन खुर्चीत बसूनही वाटू शकते, कळवळा आतडं पिळून येतो. आणि 'न देखवे'? 'मी पाहत नाही' नव्हे, 'पाहायचं नाही' हेही नव्हे. बघवत नाही. इथे कुणी काही ठरवलेलंच नाही, डोळाच हरलाय. जेववत नाही, बोलवत नाही, हे रूप मी जन्मभर वापरतोय. शाळेत बाईंनी 'शक्य क्रियापद' म्हणून मार्कांपुरतं शिकवलंही होतं. ते काय चीज आहे हे कळलं एका मल्याळी माणसापुढे अडल्यावर, कॅन्टीनमध्ये. चहा गार.

परदेशाचा उपयोग मी नाकारत नाही. जिथे आपली भाषा कुणालाच कळत नाही तिथे असं अडणं रोजचंच असणार. पण अडल्यावर तिथेच तीस वर्षं ठाण मांडायचं, हे तिकिटाच्या पैशात मिळत नाही. शिवाय तो माणूस फिरून फिरून कविता कुठली लिहितो, तर घरी परतणाऱ्या बापाची!

भाचीने हे सगळं सोसलं. मग म्हणाली, 'थीम एलियनेशन लिहू?'

लिही.

'मराठीत काय म्हणतात?'

परकेपणा.

'शी, पुस्तकी आहे.'

दुरावा?

'नाही रे मामा, तो भांडणानंतर येतो. या बाबांचं कुणाशी भांडणच नाहीये.'