पंगतीतला पाचवा

डोटा २ या पाच विरुद्ध पाच अशा व्हिडिओ गेममधले खेळाडूंचे १ ते ५ हे क्रमांक गुणवत्तेचे नसतात, पंगतीचे असतात. सोनं वाढायला सुरुवात १ नंबरच्या कॅरीपासून (संघाचा मुख्य मारेकरी) होते, मग मिड (मधल्या वाटेचा), मग ऑफलेन (अवघड वाटेचा), मग ४ नंबर. मी ५, म्हणजे सपोर्ट, बाकीच्यांना सांभाळणारा. माझ्यापर्यंत येईस्तोवर पातेलं खरवडल्याचा आवाज येत असतो.

तरी बाजारहाट माझ्याच माथी. ऑब्झर्व्हर वॉर्ड (भोवतालचा भाग दाखवणारी टेहळणीची खुंटी) फुकट मिळतो, ६ मिनिटं टिकतो. शत्रूचा वॉर्ड हुडकायचा सेंट्री मात्र ५० सोन्याला. वॉर्ड लावायच्या टेकड्या पलीकडच्या सपोर्टलाही पाठ असतात (तोही बिचारा पंगतीच्या टोकालाच बसलेला). म्हणून टेकडी सोडून जरा खाली, झाडीच्या कडेला लावावा. दिसतं कमी, पण टिकतो. आणि टेकडीकडे जाताना कुणी पाहिलं असेल तर लावूच नये. तो सेंट्री घेऊन मागोमाग येणारच.

लेनमध्ये, म्हणजे दोन्ही बाजूंचे सैनिक (क्रीप) लाटांनी चालून येतात त्या वाटेवर, क्रीपवर शेवटचा घाव ज्याचा, सोनं त्याचं. म्हणजे मी क्रीपला हात लावायचा नाही. ऑटो-अटॅक (आपोआप होणारा वार) बंदच ठेवावा. नाहीतर काय होतं, सपोर्ट उगाच ठोकत राहतो, लाट पुढे सरकत शत्रूच्या टॉवरखाली (मारा करणाऱ्या बुरुजाखाली) पोचते, कॅरी तिथे सोनं वेचायला जातो आणि तिथलाच होतो. लाट पुढे गेलीच, तर पुल करायचा: शेजारच्या जंगली प्राण्यांच्या लहान कॅम्पला मिनिटाच्या १५व्या किंवा ४५व्या सेकंदाच्या आसपास डिवचायचं आणि लेनकडे पळत सुटायचं. आपले क्रीप त्या जंगली मंडळींशी भांडायला वळतात, शत्रूची लाट आपल्या टॉवरकडे येते. जरा उशीर झाला तर आपले क्रीप पुढे निघून जातात आणि मार मी एकटा खातो. स्टॅकचंही गणित असंच. ५४व्या सेकंदाच्या सुमारास कॅम्पमधल्यांना बाहेर ओढलं, की मिनिट भरताना कॅम्प रिकामा असतो आणि नवी तुकडी जन्मते. माल दुप्पट. खातो कॅरीच.

स्मोक (शत्रूपासून लपवणारा धूर) घेऊन पाचांनी दबकत जायचं, हा बेत कागदावर उत्तम. वाटेत क्रीप दिसला की मिडवाल्याचा हात शिवशिवतो. एक वार केला, त्याच्यापुरता धूर उडाला.

पण खरं दुखणं लढाई जिंकल्यावर सुरू होतं. शत्रूचे चौघे पडले. आता वरच्या पट्टीवर त्यांच्या पुनर्जन्माचे सेकंद बघायचे, बायबॅक (सोनं मोजून लगेच जिवंत होणं) कुणाकडे शिल्लक आहे ते आठवायचं (एकदा वापरला की ८ मिनिटं मिळत नाही) आणि एकच काम ठरवायचं: टॉवर किंवा रोशान (मैदानातला बलाढ्य राक्षस). रोशान मारला तर एजिस मिळते, म्हणजे एकजण मेला तरी तिथेच पुन्हा उभा. ती ५ मिनिटांत विरते, तेव्हा तेवढ्यात हायग्राउंड (शत्रूच्या तळाची चढण) चढायचं. २०२२ साली बर्मिंगहॅमला राष्ट्रकुल ईस्पोर्ट्स स्पर्धेत भारताच्या डोटा संघाने कांस्यपदक मिळवलं. ते पाचजण नक्कीच एका वेळी एकाच टॉवरवर जात असणार.

आमच्याकडे मिड उरलेल्या एका शत्रूमागे अर्धं जंगल पालथं घालतो. ऑफलेनवाला घरी खरेदीला. ४ नंबर चॅटमध्ये मिडच्या खानदानाची चौकशी करतो. कॅरी जंगलात परततो, कारण आयटमला ३०० सोनं कमी आहे. टॉवरपुढे उरतो मी. माझ्या काठीने टॉवर पडायचा म्हणजे संक्रांत उजाडेल. तेवढ्यात ते चौघे जिवंत होऊन एकत्र, शिस्तीत, माझ्याकडे येतात.

पडद्यावर माझा चेहरा करडा. पुनर्जन्माला ५२ सेकंद. आणि जंगलातून कॅरीचा पिंग येतो: वॉर्ड संपलाय.