स्विस बँकेतल्या पंधरा लाखांचा हिशेब

तो मेसेज गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पुन्हा आला. स्विस बँकांच्या संघटनेच्या 2006 च्या अहवालानुसार भारतीयांचे 1,456 अब्ज डॉलर तिथे पडून आहेत, ते आणले तर प्रत्येकाच्या वाट्याला 15 लाख येतील, पण स्विस कायदा नावं सांगू देत नाही, असा त्याचा मजकूर. पाठवणारे काका भले गृहस्थ आहेत. त्यांची चीड खरी आहे, आकडे मात्र खोटे.

आधी तो अहवाल. असा अहवाल आम्ही काढलेलाच नाही, हे त्या संघटनेनेच सांगून टाकलं आहे. शिवाय 2006 साली आपल्या अख्ख्या देशाचं वर्षाचं उत्पन्नही हजार अब्ज डॉलरच्या आतच होतं. आणि मेसेजमधली रक्कम खरी धरली तरी 15 लाख येतात कुठून? डॉलर 80 रुपयांचा धरा, 140 कोटी लोकांत वाटा. माणशी साधारण 83 हजार होतात. मेसेज लिहिणाऱ्याने साधा भागाकारही केलेला नाही.

मग खरा आकडा किती? स्विस मध्यवर्ती बँकेच्या हिशेबानुसार 2024 अखेर भारताशी संबंधित रक्कम साडेतीन अब्ज फ्रँक, म्हणजे सुमारे 37 हजार कोटी रुपये. त्यातलाही बहुतेक पैसा बँकांमार्फत ठेवलेला. ग्राहकांच्या खात्यांत जेमतेम दहावा हिस्सा. यावरून काळा पैसा नाहीच असं कुणी म्हणू नये. तिसऱ्या देशातल्या कंपनीच्या नावाने ठेवलेला पैसा या आकड्यात दिसतच नाही.

गुप्ततेचा मुद्दाही जुना झाला. सप्टेंबर 2019 पासून स्वित्झर्लंड भारतीय खातेदारांची माहिती आपल्याला दरवर्षी आपणहून देतं.

सगळ्यात घातक शब्द आहे तो ‘पडून’. आयात-निर्यातीची बिलं तपासण्यात माझी वीस वर्षं गेली, म्हणून हे पोटतिडकीने सांगतो. एक कोटीचं यंत्र मागवायचं आणि बिल करायचं दीड कोटीचं. वरचे पन्नास लाख बँकेतूनच, रीतसर कागदांवर बाहेर जातात आणि दुसऱ्याच कुठल्या देशातल्या, आपल्याच माणसाच्या कंपनीत जमा होतात. तिथून त्यांचं लंडनमध्ये घर होतं, नाहीतर ‘परकीय गुंतवणूक’ म्हणून ते आपल्याच शेअर बाजारात परत येतात.

आणि मोठ्या रकमांना तर कायदा मोडावाही लागत नाही. मुंबईत आपण हचचे फोन वापरायचो, आठवतं? 2007 मध्ये तो धंदा व्होडाफोनने सुमारे 11 अब्ज डॉलरला घेतला. टॉवर इथे, ग्राहक इथले. पण कागदोपत्री विकला गेला तो केमन बेटांवरच्या, म्हणजे कॅरिबियन समुद्रातल्या करमुक्त बेटांवरच्या, एका कंपनीचा एक शेअर. हो, एकच. आयकर खात्याने 11 हजार कोटींच्या वर कर मागितला. मुंबई उच्च न्यायालयाने खात्याची बाजू उचलून धरली, पण 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला: व्यवहार परदेशातला, कर लागू नाही. त्या निकालाने मी आजही अस्वस्थ होतो, कारण त्यात चोर म्हणून बोट दाखवावं असं कुणी नाही.

मॉरिशसचंही तेच. पुणे शहराच्या निम्मीही वस्ती नसलेला देश. पण 2000 पासून आपल्याकडे आलेल्या थेट परकीय गुंतवणुकीचा जवळजवळ चौथा हिस्सा तिथून आल्याची नोंद आहे. कारण भारत आणि मॉरिशसमधला 1982 चा करविषयक करार. तिथल्या कंपनीने इथले शेअर विकून नफा कमावला तर त्यावर कर लावायचा हक्क फक्त मॉरिशसला, आणि मॉरिशसमध्ये तसा करच नाही. ही सवलत आपण स्वतः सही करून दिली होती. 2016 मध्ये करार बदलला आणि 1 एप्रिल 2017 पासून घेतलेल्या शेअरांवर तो हक्क आपल्याकडे आला. एक कलम बदलायला 34 वर्षं गेली.