माळ्यावरची वाकळ: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची प्रतिक्रिया मंगळवारी आली, आज सोमवार. पहिल्याच रात्री लिहिलेलं उत्तर रागाचं झालं होतं, सकाळी वाचलं आणि पुसून टाकलं. दादा म्हणते कारण वय तुम्हीच लिहिलंय, ६१. मी तुमच्यापेक्षा चार वर्षांनी लहान.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी आमच्या रविवारच्या बैठकीबद्दल लिहिलं होतं. कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या गच्चीवर पाच-सहा बायका जमतात. कुणी वाकळ (जुन्या कापडाची गोधडी) शिवतं, कुणी टकळीवर लोकर कातते, मी रंगाच्या पातेल्याशी असते. त्यावर या दादांनी लिहिलं: "आपल्या आया-आज्यांनी नाइलाजानं केलेले कष्ट तुम्ही छंद म्हणून मिरवताय. मागाच्या आवाजाला तुम्ही संगीत म्हणता. माझे वडील इचलकरंजीत ३१ वर्षं यंत्रमागावर होते, शेवटी त्यांना दारावरची बेलसुद्धा ऐकू यायची नाही. आई सूत गुंडाळायच्या कांडी मशीनवर होती. बाजारात ७०० रुपयांत मिंक ब्लँकेट मिळत असताना तीन-तीन महिने टाके घालणं ही पोट भरलेल्यांची करमणूक आहे." आणि जाता जाता: "आमच्या आईची एक वाकळ माळ्यावर पडून आहे, उंदरानं कोपरा खाल्लाय, मला ती कधीच सुंदर वाटली नाही."

मागापासून सुरुवात करते, कारण तिथं मी चुकले.

ते वाक्य लिहिलं तेव्हा माझ्या डोक्यात कागल भागातल्या घोंगडी विणणाऱ्या एका सनगर मामांचा खड्डामाग होता. पाऊण तास बसले होते मी त्यावर, पाय खड्ड्यात सोडून. चिंचोक्याच्या खळीनं कडक झालेला लोकरीचा ताणा (उभे धागे) समोर, आणि मामा शेजारी उकिडवे बसून माझ्या प्रत्येक चुकीला "आरारारा" म्हणत होते. माझा पाय थांबला की माग थांबायचा. कंटाळा आला, मी उठले, चहा घेतला. तुमच्या वडिलांच्या मागानं त्यांना असं कधी उठू दिलं नसणार. मिनिटाला सव्वाशे-दीडशे वेळा आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं आपटतो, एका माणसाच्या गळ्यात असे चार-चार माग, वर पत्रा. मजुरी मीटरवर आणि पिकावर (पीक म्हणजे आडव्या धाग्याची एक फेरी), म्हणजे धागा तुटून माग उभा राहिला की मजुरीही उभी. ९० डेसिबलच्या आवाजात आठ तासांवर माणूस ठेवू नये असं कायदा सांगतो. शेडमधला आवाज त्याच्याही वर जातो, आणि पाळी कित्येक ठिकाणी बारा तासांची.

मला 'हातमाग' म्हणायचं होतं, मी नुसतं 'माग' लिहिलं. दुसऱ्या जिल्ह्यात खपलं असतं. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हापासून आपल्याकडं माग म्हटलं की यंत्रमागच. एवढं कोल्हापुरात जन्मलेल्या बाईला कळायला पाहिजे होतं. ती ओळ आज काढली. संगीत हा शब्दही काढला, हातमागालाही तो जरा जास्तच होतो.

(चुका निघाल्याच आहेत तर अजून एक. घोंगडी धनगर विणतात असं मी सरसकट लिहिलं होतं. मेंढरं धनगरांची, कातरण त्यांची, चरख्यावर सूत काढणाऱ्या बायका बहुतेक त्यांच्याच, पण आपल्या भागात माग बहुतेक सनगरांच्या घरी असतो. ज्यांच्या मागावर बसून आले त्या मामांचीच जात लिहायची राहिली. त्यांच्या नातवानं फोन करून सांगितलं, हसत सांगितलं हे त्याचं मोठेपण.)

आता वाकळ. इथं मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे.

आमचे आजोबा शाहू मिलमध्ये होते. शाहू महाराजांनी १९०६ साली काढलेली ती मिल, जिच्या भोंग्यावर निम्मं कोल्हापूर उठायचं. म्हणजे आमच्याही घरात सूत होतं ते पगारातून आलेलं, छंदातून नव्हे. आजी दरवर्षी दिवाळी झाली की एक वाकळ घालायची. आमच्या घरी वाकळ 'घालतात', शिवत नाहीत. विरलेली लुगडी, आजोबांची धोतरं, मिलच्या कापडाचे उरलेले तुकडे. सोप्यात जमीन सारवून त्यावर थर पसरायचे, चार कोपऱ्यांना चार जड वस्तू, एका कोपऱ्यावर हटकून वरवंटा. बाहेरच्या कडेनं टाका सुरू करायचा आणि चौकोनातून चौकोन करत मध्यापर्यंत यायचं. गरज होती का? होती. सहा पोरं होती आणि पन्हाळ्याकडून येणारं वारं होतं.

त्यातली एक वाकळ अजून माझ्याकडं आहे. तिची वरची बाजू साधी आहे, करड्या-तपकिरी पट्ट्यांची. खालची बाजू जमिनीला लागते, ती कुणी बघत नाही. त्या खालच्या बाजूला, बरोबर मध्यावर, इरकली लुगड्याच्या काठाचे आठ त्रिकोण आहेत. डाळिंबी आणि हिरवे, एकाआड एक, टोकाला टोक जुळवून. प्रत्येक त्रिकोणाची कड आत दुमडून इतक्या बारीक टाक्यांनी बसवलीय की मला चष्मा लावून मोजावे लागले. एका बोटभर कडेला सतरा टाके. चिमणीच्या उजेडात घातलेले.

थंडीला त्रिकोण लागत नाहीत, दादा. सतरा टाक्यांच्या जागी पाच टाके घातले असते तरी पोरांना तेवढीच ऊब मिळाली असती. मग ते बारा टाके कशासाठी? माझं म्हणणं एवढंच आहे की ते बारा टाके तिचे स्वतःचे होते. कष्ट तिनं केले, त्यात शंका नाही. पण तिनं फक्त कष्टच केले, तिला त्यात मौज वाटलीच नसेल, मौज फक्त पेन्शनवाल्या नातीला परवडते, असं म्हटलं की आपण तिच्याकडून ते आठ त्रिकोण काढून घेतो. शेजारच्या काकूंनी आपलं आमसुली लुगडं तिला न देता बोहारणीला दिलं, म्हणून आजी त्यांच्याशी दोन महिने बोलत नव्हती. रंग हवा होता तिला. नुसत्या उबेसाठी कोण अबोला धरतं?

गरिबी सुंदर होती असं मी कुठं लिहिलं असेल तर दाखवा, तेही काढते. पोरांच्या मुतानं जड झालेली वाकळ पंचगंगेवर नेऊन आपटून धुणं काय असतं ते मी आईच्या खांद्यांवर बघितलंय. ओली वाकळ दोघींनी मिळूनसुद्धा पिळता येत नाही.

राहिली सातशेच्या ब्लँकेटची गोष्ट. हिशोब तुमचाच बरोबर आहे. एका वाकळेला माझे साधारण ऐंशी तास जातात. दिवसाचे आठ तास आणि ५०० रुपये रोज धरला तरी पाच हजार झाले, कापड-दोरा वेगळा. ब्लँकेटशी ती कधीच जिंकणार नाही, आणि मी विकतही नाही. आमच्या घरातही दोन ब्लँकेटं आहेत, पाहुणे आले की तीच निघतात. पॉलिएस्टर आहे, पटकन वाळतं, माझी काही तक्रार नाही.

आणि करमणूक? हो, आहेच. ती तर मी लपवलेलीच नाही. लोखंडाच्या पाण्याचा खेळ एकदा बघायला या. शिरोलीच्या फौंड्रीकडून आणलेलं गंजकं भंगार मातीच्या मडक्यात घालायचं, त्यावर मार्केट यार्डातला गूळ फोडून टाकायचा, पाणी ओतायचं आणि फडकं बांधून पंधरा दिवस कोपऱ्यात ठेवून द्यायचं. आंबतं, फेस येतो, वास असा सुटतो की खालच्या मजल्यावरून विचारणा होते. इकडं सुती कापड हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवायचं. ते मळकट पिवळं दिसतं, कुणी पोतेरं म्हणून उचलेल असं. मग हे पिवळं कापड त्या गाळलेल्या पाण्यात बुडवायचं. तुम्ही 'अगं' म्हणेपर्यंत ते काळं होतं. आधी कडा राखाडी, मग जिथं बोटं लागली तिथं डाग, आणि मग सगळंच्या सगळं. हिरड्यातला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले की काळं होणारच, जुन्या काळ्या शाईतही हेच असायचं. कारण माहीत आहे मला. सोळा-सतरा वेळा करून झालंय. तरी दर वेळी पाचही जणी पातेल्यावर वाकतात आणि कुणीतरी "आई गं" म्हणतंच.

तुम्हाला आनंद होईल असं एक सांगते. माझ्या पहिल्या काळ्या वाकळेची दोन वर्षांत चाळण झाली. लोखंड जास्त झालं, धुणं कमी पडलं, आणि लोखंड सुताला खातं. पांढरे, तांबडे सगळे चौकोन धड आणि काळे तेवढे बोट लावलं की फाटतायत. ऐंशी तास गेले. त्या दिवशी ब्लँकेटवाले तुम्ही जिंकलात.

'पोट भरलेल्यांची' हा शब्द मात्र आमच्यातल्या एकीला लागला. ती मेसमध्ये पोळ्या लाटते, रविवारी दुपारी दोन तास मोकळी असते. त्या दोन तासांत पाय पसरून झोपावं असं मीच तिला कितीदा म्हटलंय. तुमची प्रतिक्रिया मी गच्चीवर मोठ्यानं वाचली तेव्हा ती टाका घालता घालता म्हणाली, "रोज दोनशे पोळ्या लाटतो मी. रात्री एक शिल्लक नसती. ही शिल्लक राहती बघा." आणि दोरा दातानं तोडला. दातानं तोडू नको म्हणून तिला वर्षभर सांगतेय, ते वेगळं.

आता तुमच्या माळ्याकडं येते. उंदरानं खाल्लेली, कधी सुंदर न वाटलेली वाकळ तुम्ही अजून टाकलेली नाही. का, ते मी विचारणार नाही. पण पावसाळ्याच्या आत ती खाली काढा, नाहीतर कसर उरलेली संपवेल. दोन दिवस सावलीत दोरीवर आडवी घाला, चिमट्यानं टांगू नका, स्वतःच्याच वजनानं उसवते. मशीनमध्ये तर मुळीच नको. धुवायचीच तर परातीत गार पाणी, रिठ्याचा फेस, हातानं दाबत दाबत, पिळायची नाही.

कोपऱ्याला ठिगळ लावताना नवं कापड घेऊ नका. नवं कापड पाण्यात आटतं, आणि आटलं की जुन्याला ओढून फाडतं. तुमचाच एखादा विरलेला सुती शर्ट चालेल. कुरतडलेली कड कापू नका, आत दुमडा, ठिगळ दोन्ही बाजूंनी चांगलं चार बोटं पुढं येऊ दे. दोरा दुहेरी घ्या आणि मेणावरून ओढून घ्या. आईचे टाके उसवायचे नाहीत, त्यांच्या मधून मधून आपले घालायचे. वाकळेची सुई साध्या सुईपेक्षा लांब असते, महाद्वार रोडला मिळते, बोटात घालायचं अंगुस्तानही तिथंच मागा.

आणि ठिगळ ठेवण्याआधी खालची बाजू एकदा उजेडात धरून बघा.