दुरून बाग साजरी

सध्या एक मजकूर हातोहात फिरतोय. त्याचा सार असा: ‘बागकामाच्या सेवाभावी संस्थेत घरबसल्या प्रोग्राम कोऑर्डिनेटर होणं म्हणजे सुखाची नोकरी. झाडांचं वेड असलं की पुरे. वेळ आपल्या हातात. अर्ज एआयकडून लिहून घ्या आणि पन्नास ठिकाणी टाका. पगाराचं मात्र विचारू नका, ती सेवा आहे.’ मला तो तिघींनी पाठवला. त्यातल्या दोघी खरंच अर्ज करायच्या बेतात आहेत, आणि मी अशा अर्जांच्या छाननीला बसलेली आहे, म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘झाडांचं वेड असलं की पुरे.’ वेड असावं, त्याशिवाय या कामात जीव रमत नाही. पण कोऑर्डिनेटरच्या हाताला माती क्वचितच लागते. त्याच्यासमोर असतं एक्सेल: कोणत्या शाळेला बियाण्यांचा खोका गेला, कुणाला पोचला नाही, कोणत्या बागेचे प्रमुख स्वयंसेवक दोन महिने फोन उचलत नाहीत, देणगीदाराला अहवाल कोणत्या तारखेला द्यायचा. बागेतलं ज्ञान इथे कामी येतं ते वेळापत्रकात. कांद्याच्या बियांची उगवणशक्ती वर्षभरातच घसरू लागते, टोमॅटोचं बी नीट ठेवलं तर चार वर्षंही चालतं. हे ठाऊक असलेला माणूस गेल्या वर्षीची उरलेली कांद्याची पाकिटं नव्या खोक्यात भरत नाही. उत्तर गोलार्धात वसंत मार्चमध्ये येतो, दक्षिणेत सप्टेंबरमध्ये. एकच पत्रक एकाच दिवशी सगळ्यांना धाडलं तर अर्ध्या लोकांना ते सहा महिने आधी किंवा उशिरा मिळतं. एकाच देशातही शेवटचं हिमतुषार पडण्याच्या तारखांत दोन-दोन महिन्यांचा फरक असू शकतो. अर्जात ‘मला निसर्ग आवडतो’ याऐवजी असं एखादं वाक्य दिसलं की छाननी करणारा सावरून बसतो.

रोपावरच्या प्रत्येक किडीचं नाव मात्र पाठ असायला नको. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला बागेबद्दलच्या प्रश्नांचा इतका भडिमार झाला, की विद्यापीठाच्या विस्तार विभागाला (शेती-बागेचं ज्ञान लोकांपर्यंत पोचवणाऱ्या शाखेला) उत्तरं देणं झेपेना. मग त्यांनी हौशी बागकाम करणाऱ्यांनाच प्रशिक्षण दिलं आणि बदल्यात लोकांच्या शंका सोडवण्याचे ठरावीक तास मागितले. ‘मास्टर गार्डनर’ ही योजना त्यातून उभी राहिली. तिची खरी करामत फुलझाडांत नव्हती. प्रश्न कुणाकडे जाईल, उत्तर कोण देईल आणि दिलेले तास कोण मोजेल, हे तिथे ठरलेलं होतं. कोऑर्डिनेशन म्हणजे हेच.

‘वेळ आपल्या हातात.’ कुणाच्या? शाळेतले शिक्षक तास संपल्यावर मोकळे होतात, स्वयंसेवक नोकरीवरून आल्यावर किंवा शनिवार-रविवारी. म्हणजे तुमच्या बैठका नेमक्या तेव्हाच. पेरणीच्या आधीचे सहा-आठ आठवडे तर श्वास घ्यायला फुरसत नसते. आणि घरून काम म्हणजे जगात कुठूनही काम, असंही नाही. पगार, कर आणि कामगार कायदा यांमुळे संस्थेला ठरावीक देशांतले किंवा राज्यांतलेच लोक नेमता येतात. जाहिरातीत खाली बारीक अक्षरात ती ओळ असते. ती न वाचता केलेला अर्ज वाचलाच जात नाही. वर्षातून काही वेळा प्रवास आणि मुलांशी संबंध येत असेल तर पार्श्वभूमीची तपासणी, याही अटी तिथेच असतात.

आता सगळ्यात घातक सल्ला: ‘एआयकडून लिहून घ्या, पन्नास ठिकाणी टाका.’ व्याकरण तपासायला, वाक्यं आटोपशीर करायला यंत्राची मदत घ्या, कुणाची हरकत नाही. पण सगळंच त्याच्यावर सोपवलं की काय होतं ते मी पाहिलंय: ओळीने आलेल्या कव्हर लेटरमध्ये ‘हरित भविष्यासाठी कटिबद्ध’ हेच शब्द. चौथ्या पत्रापर्यंत डोळे पुढे सरकायला लागतात. (एका पत्रात दुसऱ्याच संस्थेचं नाव राहिलं होतं. आम्ही हसलो, पण अर्ज बाजूलाच गेला.)

पन्नासाऐवजी पाच अर्ज करा, आणि प्रत्येकाआधी संस्थेचा वार्षिक अहवाल उघडा. ती वाफे बांधून देते, की शिक्षकांना शिकवते, की छोटी अनुदानं वाटते? तिन्ही कामं वेगळी. अनुदान वाटणाऱ्या संस्थेला अर्जांची छाननी आणि पाठपुरावा जमणारा माणूस हवा असतो, प्रशिक्षण देणारीला ऑनलाइन वर्ग खिळवून ठेवणारा. मग पत्रात एकच प्रसंग घ्या आणि तो आकड्यांसह सांगा: किती माणसं होती, काय अडलं, तुम्ही काय बदललं, शेवटी काय झालं. प्रसंग बागेचाच हवा असं नाही. वाचनालयाच्या चाळीस स्वयंसेवकांच्या पाळ्या कुणी वर्षभर लावल्या असतील, तर तो अनुभव या कामाला चपखल बसतो. ‘किती बागा उभ्या केल्या’ यापेक्षा ‘तिसऱ्या वर्षी त्यातल्या किती जिवंत होत्या’ हा प्रश्न जो स्वतःहून काढतो, त्याला मी तरी मुलाखतीला बोलावते. शाळेतल्या बागा बहुधा उत्साही शिक्षकाची बदली झाली की सुकतात. पाणी कमी पडून नव्हे.

‘पगाराचं विचारू नका.’ जरूर विचारा. नफा न कमावणारी संस्था म्हणजे शिल्लक मालकांत वाटून न घेणारी संस्था. कर्मचाऱ्यांना पगार द्यायला तिला कुणी मनाई केलेली नाही. अमेरिकेतल्या बहुतेक अशा संस्थांचा ‘फॉर्म 990’, म्हणजे कर खात्याला दिलेलं वार्षिक विवरणपत्र, कुणालाही पाहता येतो, इंग्लंड-वेल्समध्ये चॅरिटी कमिशन या धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या नोंदवहीत मोठ्या संस्थांचे हिशेब सापडतात. मुलाखतीत विचारण्यासारखा खरा प्रश्न वेगळाच आहे: हे पद कोणत्या अनुदानावर आहे आणि ते कधी संपतं? पुष्कळदा पैसा ठरावीक प्रकल्पापुरताच बांधलेला असतो. तो संपला की पदही संपतं. हा प्रश्न ऐकून कुणी कपाळाला आठ्या घातल्या, तर तेही तुम्हाला वेळेत कळलं. उलट नोंदणी शुल्क किंवा लॅपटॉपसाठी आगाऊ रक्कम कुणी तुमच्याचकडे मागितली, तर ती नोकरी नव्हेच.

त्या दोघींपैकी एकीचा मसुदा काल आला. सुरुवातच ‘लहानपणापासून मला झाडांची आवड आहे’ अशी. तिसऱ्या परिच्छेदात मात्र एक ओळ लपलेली होती: रोपवाटपाच्या यादीत नावं दोनदा येत होती, म्हणून तिने फोन नंबरवरून ती जुळवली आणि सत्तर रोपं वाचली. ती ओळ सगळ्यात वर घे, असं तिला कळवलंय.