आधी स्टेशनपासून चालून दाखवा

आजचा अख्खा रविवार फुकट गेला. भाचा आणि भाचेसून मला घोडबंदर रोडला फ्लॅट बघायला घेऊन गेले होते. "आत्या, तू चलच, तुझ्यासमोर बिल्डरच्या माणसांची बोलती बंद होते," असं म्हणून नेलं. काचेचं ऑफिस, गारठवणारा एसी, हातात कसलंसं हिरवं सरबत. मधोमध टेबलावर अख्ख्या प्रोजेक्टचं मॉडेल. बोटभर झाडं, निळाशार स्विमिंग पूल, बाकावर बसलेली इवलीशी माणसं, आणि समोर तो रस्ता. रस्त्यावर मोजून चार मोटारी. घोडबंदर रोडवर! एक ट्रक नाही, एक कंटेनर नाही. नाशिक हायवेवरून आणि बंदरावरून गुजरातकडे निघालेली अवजड वाहनं ज्या रस्त्यावरून जातात, तो रस्ता मॉडेलमध्ये इतका स्वच्छ होता की कुणाला वाटावं गायमुखला घाट नसून बाग आहे.

मी त्या टाय लावलेल्या मुलाला विचारलं, "स्टेशन किती लांब?"

"मॅम, ट्वेंटी मिनिट्स."

"कधी?"

"म्हणजे?"

झालं. "कधी" हा प्रश्नच ज्याला कळत नाही तो ठाण्यात घरं विकतोय. रात्री दोन वाजता वीस मिनिटं रे बाबा, मान्य. पण माझी भाचेसून फोर्टातून रात्री दोनला सुटत नाही, साडेसहाला सुटते.

हे सगळं बघताना मला आमच्या सासऱ्यांची आठवण येत होती. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. गिरगावातली चाळ सोडून ठाण्याला यायचं ठरलं ते ऐंशीच्या दशकात, मी तेव्हा या घरात आलेही नव्हते. पण किस्सा इतक्यांदा ऐकलाय की मी तिथे हजर होते असंच वाटतं. दोन जागा होत्या. एक मोठी, गॅलरीवाली, पण स्टेशनपासून बरीच लांब. दुसरी नौपाड्यात, लहान, अंधारी, दुसरा मजला. सासूबाईंना अर्थातच गॅलरी हवी होती. अण्णांनी वाद घातला नाही. जुलै महिन्यात, भर पावसात, कामाच्या दिवशी, ऑफिस सुटल्यावर नेहमीच्या गाडीने ठाण्याला उतरले. जांभळी नाक्यावर पाच किलो बटाटे आणि दोन किलो कांदे घेतले. एका हातात पिशव्या, दुसऱ्या हातात छत्री, आणि निघाले चालत. एक दिवस या जागेपर्यंत, एक दिवस त्या जागेपर्यंत.

बस. एवढाच तपास. नौपाडा ठरलं. कार्पेट एरिया नंतर.

आता मला सांगा, आजकाल हे कोण करतं? सगळे रविवारी सकाळी अकराला, ओला-उबरमधून, नाश्ता करून घर बघायला जातात. घर रविवारचं बघायचं आणि राहायचं मात्र सोमवार ते शनिवार. आणि हो, सॅम्पल फ्लॅटमधले बेड मापापेक्षा लहान असतात, आतल्या खोल्यांना दारंच लावलेली नसतात, हे तुम्हाला सांगायला नकोच. मी त्या बेडवर झोपून दाखवलं. पावलं बाहेर. भाचा लाजला.

मुद्दा असा आहे की लोक गाडीला घाबरतात आणि चुकीच्या गोष्टीला घाबरतात. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली आगगाडी सुटली ती कुठे आली? ठाण्याला. चौतीस किलोमीटर. आज फास्ट लोकल पाऊण तासाच्या आत सीएसएमटीला नेते. गर्दी आहे, घाम आहे, पावसात गाड्या रखडतात, रविवारी मेगाब्लॉक असतो, सगळं कबूल. तरी गाडीचा वेळ साधारण ठरलेला असतो. २०२४ च्या मे अखेरीस त्रेसष्ट तासांचा ब्लॉक घेऊन पाच नंबरचा फलाट रुंद केला, तेव्हापासून तिथे निदान उतरल्यावर श्वास घेता येतो.

आयुष्य खातं ते त्यापुढचं. फलाटावरून पुलावर, पुलावरून सॅटिसखाली, म्हणजे स्टेशनबाहेरच्या बसच्या उड्डाणपुलाखाली, तिथून रांगेत. शेअर रिक्षाची रांग बघितली आहे ना संध्याकाळी सातची? पुढे उभ्या बाईच्या पर्सच्या चेनचे किती दात तुटलेत इथपर्यंत पाठ होतं. नंबर लागला की रिक्षावाला म्हणणार, "मानपाड्यापर्यंतच." टीएमटीची बस आली तर आत शिरायला जागा नाही. मग माजिवडा, मग कापूरबावडी. तिथे सिग्नल हिरवा होतो, लाल होतो, पुन्हा हिरवा होतो, रिक्षा तिथेच. घर दिसायला लागतं उंचावर, बाविसाव्या मजल्यावरचे दिवे वगैरे, आणि आपण खाली धुरात.

आमच्या डब्यात एक मुलगी आहे, ओवळ्याला राहते. तिच्या सोसायटीत स्विमिंग पूल, जिम, क्लबहाउस, वरून मिनी थिएटर. महिन्याचा मेंटेनन्स ऐकून मला ठसका लागला. मी विचारलं, पूलमध्ये जातेस का गं? म्हणाली, "काकू, वरून दिसतो." तिचा मुलगा सकाळी झोपलेला असतो, रात्री पेंगुळलेला असतो. ती बूट घालून निघते, ऑफिसच्या चपला पिशवीत, कारण रिक्षा कुठेही अडली की उतरून चालायचं असतं. त्या मुलीला हप्ता वीस वर्षांचा आहे. वीस वर्षं! संताप येतो मला. तिच्यावर नाही.

आणि "मेट्रो येतेय ना" हे वाक्य माझ्यासमोर कुणी बोलायचं नाही. वडाळा ते कासारवडवली, मेट्रो ४, काम सुरू झालं २०१८ ला. तेव्हा घर घेतलेल्यांची बालवाडीतली पोरं आता दहावीच्या वाटेवर आहेत. आणि गंमत बघा, ही मेट्रो ठाणे स्टेशनला जातच नाही. तीन हात नाका, कॅडबरी, माजिवडा, कापूरबावडी अशी बाहेरून जाते. स्टेशनला जोडणारी रिंग मेट्रो वेगळी, तिला केंद्राची मंजुरीच मिळाली २०२४ मध्ये. ठाणे-मुलुंडच्या मधलं, मनोरुग्णालयाच्या जागेवरचं नवं स्टेशन, ते तर मी किती वर्षं ऐकतेय. घाटकोपर-वडाळ्याकडे नोकरी असणाऱ्यांना मेट्रो ४ चा फायदा होईल, होईल, बरं. पण माझा भाचा लोअर परळला जातो.

पुन्हा अण्णांकडे येते. त्या नौपाड्याच्या बिल्डिंगखाली ते पिशव्या घेऊन पोचले तर बिल्डरचा माणूस म्हणाला, "भाजी देणारे मागच्या बाजूने." अण्णांनी हे सासूबाईंना घरी जाऊन हसत हसत सांगितलं. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांना इतकंच दिसत होतं की हा माणूस बटाट्यांवरून घर ठरवतोय. पुढे कित्येक वर्षं त्या कपडे वाळत घालताना गॅलरीचा विषय काढायच्या. त्याही अगदी चुकत नव्हत्या, हे घर अंधारं आहेच. दिवसा ट्यूबलाइट लागते. लिफ्ट नाही, माझे गुडघे बोलायला लागलेत. पार्किंगवरून खालच्यांची रोज भांडणं. वंदना टॉकीजपाशी पाणी भरलं की मी साडी खोचून येते.

पण येते! हेच तर म्हणतेय मी. गाड्या कितीही लेट असोत, ठाण्याला पाय टेकला की घरी आल्यासारखं वाटतं, कारण पुढे कुणाच्या दयेवर राहायचं नाही. मुलगी पाळणाघरात असताना तिला आणायला जायचं, वाटेत गोखले रोडला दूध घ्यायचं, आणि तरी कुकर लावायला वेळ उरायचा. गडकरी रंगायतनला साडेआठचा प्रयोग असेल तर ऑफिसहून येऊन, तोंड धुऊन जाता यायचं. घोडबंदरला राहून किती जण जातात नाटकाला? हात वर करा.

कुणी म्हणेल, मग नवी मुंबईला जा. जा ना! मी कुठे नको म्हणतेय. नेरुळला माझी नणंद राहते, सेक्टरमधून चालत स्टेशन. सिडकोने तिथे निदान आधी कागदावर शहर काढलं, स्टेशनं बांधायला पैसे घातले, स्टेशन मध्ये ठेवून भोवती वस्ती बसवली. पाण्याला त्यांचं स्वतःचं मोरबे धरण. आमच्या घोडबंदरला चाळीस मजली टॉवर आणि खाली टँकर. हार्बरला फास्ट गाडी नाही, पनवेलहून सीएसएमटी म्हणजे सव्वा तासाच्या वर, बूड दुखतं, हे खरंच. आणि नवी मुंबईतही सगळं सोन्याचं नाही. खारघरच्या आतल्या सेक्टरांत घर घ्या, मग स्टेशनची रडकथा तीच. बेलापूर-पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली म्हणून थोडं निभावतंय. उलव्याचे एजंट आता अटल सेतू विकतात. पूल सुंदर आहे, बावीस किलोमीटरचा, बघून आले मी. पण त्यावरून जायला आधी मोटार पाहिजे, मग टोल पाहिजे. रोजच्या रोज? पगारात?

हे सगळं मी त्या काचेच्या ऑफिसात बोलले. थोडं मोठ्याने. मुलगा "मॅम, मॅम" करत राहिला.

येताना रिक्षात भाचेसून गप्प होती. तिला स्वयंपाकघराची खिडकी आवडली होती. खरं सांगते, खिडकी छानच होती. ओट्यासमोर येऊरचे डोंगर, पाऊस उघडलेला, हिरवंगार. ती ओट्यावर हात ठेवून उभी होती आणि मी तिकडे मागे एजंटशी हुज्जत घालत होते. लग्नाला तीन वर्षं झाली, वन आरकेमध्ये भाड्याने राहतात, दर अकरा महिन्यांनी सामान उचलायचं. तिला स्वतःची एक खिडकी हवी असेल तर त्यात वावगं काय? नौपाड्यातली आजची किंमत मला माहीत आहे. आमचीच बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला निघालीय, आकडे ऐकते ना मी. दोघांचे पगार एकत्र करून, दोघांच्या आईबापांची एफडी मोडूनही स्टेशनजवळ बसत नाही. अण्णांना एका पगारात दोन जागांतून निवडता आली. या पोरांना बटाटे घेऊन चालायला जागाच कुठे ठेवलीय?

म्हणून तर राग येतो. टॉवरला परवानगी आधी, रस्ता नंतर, पाणी त्याच्याही नंतर, आणि गाडी आपली देवाच्या भरवशावर. ज्यांना घोडबंदरही परवडत नाही ते पुढच्या दिवा स्टेशनला जातात, त्याच्याही पुढे जातात. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दारात लटकलेली माणसं गाडीतून पडली, त्यातली काही घरी परतलीच नाहीत. ती माणसं कामाला निघाली होती हो. सोमवार सकाळ होती. त्यांना जाऊन सांगा, "निवड तुमची."

तर भाच्याला मी एवढंच सांगितलंय: टोकन देऊ नको. त्या मुलाचा आत्ताच मेसेज आलाय त्याला, आज रात्रीपर्यंत बुक केलं तर फ्लोअर राइज, म्हणजे वरच्या मजल्याचे जादा पैसे, माफ, मॉड्युलर किचन फुकट. असली घाई लावली की समजायचं, त्यांना तुम्ही बुधवारी संध्याकाळी यायला नको आहात. बुधवारी या दोघांनी आपापल्या ऑफिसातून सुटायचं, ठाण्याला उतरायचं, रांगेत उभं राहायचं आणि त्या गेटपर्यंत पोचायचं. मोटार नाही, उबर नाही. मी पण येणार आहे. त्यानंतरही खिडकी हवीशी वाटली तर आत्या एक शब्द बोलणार नाही, वास्तुशांतीचे लाडू मी करीन.

भाचा म्हणतो, आत्या तू निगेटिव्ह आहेस. असू दे.

दरम्यान, ऐरोली, रबाळे, घणसोली, कळवा इकडे राहणाऱ्यांनी जरा मदत करा. ऐरोलीहून ट्रान्स-हार्बरने ठाणं दहा-बारा मिनिटांवर, पुढे फास्ट पकडता येते, म्हणून विचारतेय. वन बीएचके, दोन वर्षांसाठी भाड्याने, स्टेशनपासून चालत. चालत म्हणजे चालत, "शेअर रिक्षाने पाच मिनिटं" नाही. चौथ्या मजल्याच्या वर असेल तर लिफ्ट हवी, नवराबायको दोघेच, शाकाहारी-मांसाहारी असले प्रश्न विचारणारा मालक नको. स्वयंपाकघराला खिडकी असेल तर आधी कळवा. ब्रोकरांनी कमेंटमध्ये नंबर टाकू नयेत, उडवून टाकीन.